हट्ट, हार्मोन्स आणि उपाशी मेंदू

प्रश्न थोडक्यात असा: १७ वर्षांच्या मुलीने वर्षभरापूर्वी ‘थोडं वजन कमी करते’ म्हणून खाणं कमी केलं आणि ते कमीच होत गेलं. पाळी बंद झाली, हातपाय गार पडतात, तरी दिवसभर तिची चालाचाल सुरू असते. गेल्या दोन महिन्यांपासून ती रात्री कुणाच्या नकळत खूप खाते आणि नंतर उलटी काढते. एका डॉक्टरांनी ‘मेंदूतल्या रसायनांचा तोल बिघडलाय’ असं सांगितलं. नातेवाईक म्हणतात, नुसता हट्ट आहे, लाड कमी करा. आई विचारते: यातलं खरं काय? रक्त तपासून हा बिघाड कळेल का? हार्मोनच्या गोळ्यांनी ती बरी होईल का?

तुमच्या प्रश्नात उलट्यांचा उल्लेख जाता जाता आला आहे. मी तो आधी घेतो. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना उलट्यांबद्दल सांगितलं नसेल तर आजच सांगा. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. मुलगी वरून ठीक दिसत असतानाही हे घडतं. पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर आणि ईसीजी एवढं याच आठवड्यात व्हायला हवं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, पायांवर सूज किंवा फार मंद नाडी, यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ रुग्णालय गाठा.

आता तुमचे प्रश्न. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. मेंदूतला बिघाड रक्तातून कळत नाही आणि हार्मोनच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

‘रसायनांचा तोल बिघडलाय’ हे वाक्य आम्ही मानसोपचारवाले अनेक वर्षं वापरत आलो आहोत. ते सोयीचं आहे, त्यात दोष कुणाच्याच माथी येत नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी कमी पडलंय आणि ते भरून काढलं की काम झालं. अ‍ॅनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, तुमच्या मुलीची लक्षणं त्याचीच आहेत) गोष्ट बरीचशी उलट आहे. तपासण्यांत जे बदल दिसतात त्यांतले बहुतेक उपासमारीने झालेले असतात. आजाराआधी ते नव्हते. आणि एकदा झाले की तेच आजाराला धरून ठेवतात. म्हणजे सुरुवात तिने केली असेलही, पण आज तिला जे थांबवता येत नाही ते हट्टाच्या पलीकडचं आहे. तुमच्या नातेवाइकांना या दोन गोष्टींतला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर अनेक डॉक्टरांनाही कळत नाही.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अशा लोकांकडून मिळाला, ज्यांना बारीक व्हायचंच नव्हतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेले. २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या आहारावर ठेवलं गेलं आणि त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. पाककृती वाचणं, त्या जमवणं, एका जेवणाला तासन्‌तास लावणं, चित्रविचित्र मिश्रणं करून खाणं, ताट चाटणं सुरू झालं. माणसं चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली, थंडी वाजू लागली, लैंगिक इच्छा गेली. पुढे पोटभर अन्न मिळायला लागल्यावर काही जण अवाढव्य खात सुटले, आणि एवढं खाऊनही पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. तुमच्या मुलीचं रात्रीचं खाणं याच जातीचं आहे. आई-वडील मला सांगतात, ‘ती स्वतः खात नाही, पण सगळ्यांसाठी स्वयंपाक करते आणि मोबाइलवर सतत खाण्याचे व्हिडिओ बघते, म्हणजे हे नाटकच नाही का?’ नाही. उपाशी मेंदू असाच वागतो.

तर शरीरात नेमकं काय होतं? लेप्टिनपासून सुरू करू. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघतं. जेफ्री फ्रिडमन यांच्या चमूने ते १९९४ मध्ये शोधलं. शरीरात साठा किती आहे याची खबर ते हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भूक, तापमान आणि प्रजनन सांभाळणाऱ्या भागाला, देत राहतं. चरबी घटली की लेप्टिन कोसळतं. मग घरात पैसा आटल्यावर आधी लग्नकार्य पुढे ढकलावं, मग दिवे कमी करावेत, तसं हायपोथॅलॅमस एकेक खर्च कापत जातो. पहिला घाव प्रजननावर. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडे जाणारे संदेश मंदावतात, अंडाशयाला कामाचा हुकूम मिळत नाही, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. मुलग्यांमध्ये याच मार्गाने टेस्टोस्टेरॉन उतरतं, पण तिथे पाळीसारखी दिसणारी खूण नसल्याने निदान फार उशिरा होतं. (पाळी बंद असणं ही अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानाची अट २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांतून काढून टाकली गेली. तेव्हा ‘पाळी चालू आहे, मग अ‍ॅनोरेक्सिया नाही’ असं कुणी म्हणालं तर ते मानू नका.)

दुसरी कात्री थायरॉइडवर. टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन उतरतं, त्या ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच मात्र बहुधा नॉर्मल राहतं. थंडी वाजणं, नाडी मंद होणं, त्वचा कोरडी पडणं, बद्धकोष्ठता हे सगळं या काटकसरीत येतं. इथे एक चूक वारंवार होते. टी-३ कमी दिसलं म्हणून थायरॉइडची गोळी सुरू केली जाते. ग्रंथीला काही झालेलंच नसतं, शरीराने जाणूनबुजून आच मंद केलेली असते. वरून गोळी दिली तर आधीच झिजलेल्या शरीराचा खर्च वाढतो आणि हृदयावर ताण येतो. काही मुलींना तर ही गोळी हवीच असते, आणि ती का हवी असते ते तुमच्या लक्षात आलं असेल.

हाडांचा विषय मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तिथे झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. हाडांची आयुष्यभराची पुंजी बहुतांशी किशोरवयात आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत जमते. नेमक्या त्याच काळात इस्ट्रोजेन नाही, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल वाढलेलं, आणि वाढीचं संप्रेरक भरपूर असूनही त्याचं काम पुढे नेणारं आयजीएफ-१ कमी. अशा वेळी ‘पाळी आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या जातात. दर महिन्याला रक्तस्राव होतो, घरच्यांना हायसं वाटतं, मुलगीही म्हणते, ‘बघा, पाळी येते, मी ठीक आहे.’ पण तो स्राव महिन्यातले काही दिवस गोळी थांबते त्यामुळे होतो. अंडाशय झोपलेलंच असतं आणि हाडांचं संरक्षण त्या गोळ्यांनी होत नाही. वजन पूर्ववत होणं हाच हाडांवरचा मुख्य उपाय. काही मुलींना त्वचेवर लावायच्या पॅचमधून इस्ट्रोजेन देण्याचा उपयोग होतो, पण तो निर्णय एंडोक्रिनॉलॉजिस्टचा, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाचा, आणि तोही खाण्याचे उपचार चालू असताना.

आता तिची ती न थांबणारी चालाचाल. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुली खुर्ची असूनही उभ्या राहतात. बसल्या तर खुर्चीच्या कडेवर, पाय सतत हलवत. आई म्हणते, ‘बस की गं,’ आणि मुलगी म्हणते, ‘मला असंच बरं वाटतं.’ कॅलरी जाळायचा हिशोब त्यात असतो, नाही असं नाही. पण हाच प्रकार उंदरांतही दिसतो, आणि उंदरांना आरशाची पर्वा नसते. उंदराला दिवसातून थोडाच वेळ अन्न ठेवलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक दिलं तर तो अधिकाधिक पळू लागतो, मिळणारं अन्नही कमी खातो आणि सोडवला नाही तर मरेपर्यंत झिजतो. त्याला लेप्टिन दिलं की पळणं कमी होतं. बहुधा उपाशी प्राण्याने अन्न शोधायला बाहेर पडावं म्हणून असलेली ही जुनी सोय आहे. लेप्टिनसारखं औषध देऊन मोजक्या रुग्णांमध्ये मनःस्थिती आणि अस्वस्थता सुधारल्याच्या नोंदी आहेत, पण तो अजून रुळलेला उपचार नाही. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की ‘एका जागी बस’ म्हणून ओरडल्याने फार काही साधणार नाही. वजन वाढेल तशी ही तगमगही ओसरते.

मग भूक कुठे गेली? कुठेही गेलेली नाही. जठरातून निघणारं आणि भूक जागवणारं घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमधल्या संशोधकांना सापडलं. अ‍ॅनोरेक्सियात ते वाढलेलं असतं. शरीर खायला मागत असतं, तरी घास तोंडात जात नाही. का, हे समजायला मेंदूतल्या दोन रसायनांकडे यावं लागतं.

पहिलं सेरोटोनिन. ते बनवायला ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांतला घटक लागतो आणि तो शरीर स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच यावा लागतो. खाणं घटलं की मेंदूला कच्चा माल कमी मिळतो आणि सेरोटोनिनचं काम मंदावतं. उदासीत यामुळे बिघाड व्हावा, पण या मुलींच्या बाबतीत काही वेगळं घडतं असं दिसतं. यांतल्या बऱ्याच जणी आजारापूर्वीपासून काळजीखोर, काटेकोर, चूक झाली तर झोप न येणाऱ्या असतात. अमेरिकेतले संशोधक वॉल्टर के आणि त्यांचे सहकारी यांना आढळलं की आजारातून बाहेर आलेल्या स्त्रियांच्या मणक्यातल्या द्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारा घटक जास्त असतो. ट्रिप्टोफॅन तात्पुरतं कमी केलं तर त्यांची चिंता उतरते. यावरून मांडलेला तर्क असा की त्यांच्या बाबतीत उपाशी राहणं हे चिंतेवरचं घरगुती औषध ठरतं. हा तर्क अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. पण ‘नाही खाल्लं की डोक्यातला आवाज बंद होतो’ हे वाक्य मी इतक्या मुलींकडून ऐकलंय की मला तो पटतो. त्याची दुसरी बाजू अशी की खाल्लं की आवाज पुन्हा सुरू होतो. म्हणून जेवताना आणि जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट जातो. रडणं, आदळआपट, बाथरूमकडे धाव हे सगळं तेव्हा. त्या वेळी तिच्याजवळ कुणीतरी असणं याला औषधाइतकं मोल आहे.

याच कारणाने वजन फार कमी असताना नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्या गोळ्या तयार असलेलं सेरोटोनिन जास्त वेळ कामात ठेवतात. मुळात तयारच कमी होत असेल तर ठेवणार काय? महिनोन्‌महिने गोळी घेऊन फरक नाही म्हणून डोस वाढवत राहण्यापेक्षा ताटाकडे बघावं.

दुसरं रसायन डोपामिन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं मला पटत नाही. कशासाठी पुन्हा धडपडायचं हे मेंदूला शिकवणं, हे त्याचं मोठं काम. सुरुवातीला दोन किलो उतरल्यावर मैत्रिणी म्हणाल्या असतील, ‘किती छान दिसतेस!’ वजनकाट्यावरचा आकडा खाली आला की बरं वाटलं असेल. हे शेकडो वेळा झालं की शिकलेली गोष्ट सवयीत उतरते. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांना मेंदूचं स्कॅन चालू असताना पदार्थ निवडायला लावले. त्यांच्या निवडीत मेंदूचा जो भाग जास्त सहभागी दिसला तो सवयींशी जोडलेला आहे. म्हणून ‘तुला कळत कसं नाही’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. तिला कळतं. निवड मात्र कळण्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

रात्रीच्या खाण्याकडे वळू. खाणं, उलटी, पश्चात्ताप, दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास आणि त्यातून पुन्हा रात्रीचं खाणं, असं चक्र सुरू झालं की आजार बुलिमियाच्या दिशेने सरकतोय असं समजावं. एका आजारातून दुसऱ्यात जाणं अगदी नेहमीचं आहे, ती ‘आणखी बिघडली’ असं धरून खचू नका. बुलिमियात जेवणानंतर आतड्यातून निघणारं आणि ‘पुरे’ म्हणणारं कोलेसिस्टोकायनिन कमी पडतं असं दिसून आलंय. पोट ताणलं गेलेलं असतं, ते सावकाश रिकामं होतं, आणि तृप्तीचा इशारा उशिरा व अशक्त येतो. उलट्यांमुळे गालाखालच्या लाळग्रंथी सुजतात, चेहरा गोल दिसतो, आणि आरशात बघून ती ठरवते, ‘मी जाड झाले.’ तिला हे कुणीतरी सांगायला हवं की ती सूज आहे आणि उलट्या थांबल्या की उतरते.

गोळ्यांचा खरा उपयोग या टप्प्यावर आहे. बुलिमियात फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिवसाला ६० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यातल्या नेहमीच्या २० मिलिग्रॅमच्या तिप्पट, खाण्याचे झटके आणि उलट्या कमी करतं, उदासी नसली तरीही. उलट ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध इथे वर्ज्य आहे, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. उलट्या न काढता फक्त भसाभस खाण्याचे झटके येतात तो बिंज इटिंग डिसऑर्डर. प्रौढांमधल्या त्या विकारासाठी २०१५ मध्ये अमेरिकेत लिसडेक्साम्फेटामिनला मान्यता मिळाली. तुमच्या मुलीच्या बाबतीत ते औषध चालणार नाही, कारण ते भूक मारतं. अ‍ॅनोरेक्सियात कधी कधी ओलान्झापिन हे मानसोपचारातलं औषध थोड्या डोसात देतो. त्याने वजनात माफक मदत होते आणि डोक्यातली घरघर काहीशी कमी होते, त्यापेक्षा जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

तुमच्या मनात असणारच असा एक प्रश्न: वर्गातल्या अर्ध्या मुली डाएट करतात, मग हिलाच का? जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की या आजाराच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा जास्त आहे. २०१९ मध्ये सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांच्या अभ्यासात अ‍ॅनोरेक्सियाशी जोडलेल्या ८ जागा सापडल्या. त्यांचा संबंध मानसिक आजारांइतकाच चयापचयाशीही निघाला. म्हणजे काही शरीरं वजन उतरणीला लागलं की सहज सावरत नाहीत. आणि मुलींमध्ये हा आनुवंशिक वाटा वयात येण्याआधी जवळजवळ दिसत नाही, वयात आल्यावर उघड होतो. त्यात अंडाशयाच्या हार्मोन्सचा हात असावा असं मानलं जातं. अंडं सुटल्यानंतरच्या, पाळीच्या आधीच्या दिवसांत भरमसाट खाण्याची ओढ वाढते, हेही त्याला धरूनच आहे. तुम्ही तिला लहानपणी काय बोललात किंवा काय वाढलंत यातून हा आजार जन्मला, असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार नाही.

रक्ततपासणीबद्दल दोन शब्द. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे रक्तातल्या पातळीवरून मेंदूचं काही कळत नाही. ‘न्यूरोट्रान्समीटर प्रोफाइल’ म्हणून लघवीच्या महागड्या तपासण्या विकल्या जातात, त्यांवर खर्च करू नका. वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात त्या धोका किती आहे हे पाहण्यासाठी. त्या नॉर्मल आल्या म्हणून आजार सौम्य ठरत नाही, शरीर फार दिवस आकडे सांभाळून धरतं.

तेव्हा उपचारात पहिलं औषध अन्न. पण तेही घाईने नको. वजन खूप उतरलं असेल तर एकदम भरपूर खायला घातल्यावर इन्सुलिन उसळतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि रक्तात त्यांची टंचाई होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले उपाशी कैदी पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले ते याच कारणाने. सुरुवातीचे दिवस थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि रक्ताच्या तपासण्यांसह डॉक्टरांच्या देखरेखीखाली जायला हवेत. पुढे या वयात सगळ्यात चांगला आधार असलेला उपचार म्हणजे कुटुंबाधारित उपचार. काय आणि किती खायचं हे काही काळ आई-वडील ठरवतात, तिच्याबरोबर बसतात आणि हळूहळू तो ताबा तिच्याकडे परत देतात. बुलिमियाचा भाग मोठा असेल तर त्यासाठी रचलेली संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धत (सीबीटी), म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे संवादातून होणारे उपचार.

बरं होण्याचा क्रम आधीच माहीत असू द्या, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. आधी वजन येतं. नाडी, तापमान, थायरॉइड त्यामागोमाग सुधारतात. पाळीला बहुतेक वेळा आणखी काही महिने लागतात. उपासमारीत आक्रसलेला मेंदूचा राखाडी भाग वजन आल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. विचार सगळ्यात शेवटी बदलतात. वजन आलंय, पण ती पूर्वीपेक्षा जास्त रडते, ताटावरून जास्त भांडते, असा एक काळ हमखास येतो आणि नेमका तेव्हाच घरचे उपचार सोडतात. तेव्हा सोडू नका. आणि किती वजन पुरेसं हे सरसकट तक्त्यावरून ठरवू देऊ नका. तिच्या लहानपणापासूनच्या उंची-वजनाच्या जेवढ्या नोंदी घरी सापडतील तेवढ्या, शाळेच्या किंवा लसीकरणाच्या कार्डावरच्यासुद्धा, पुढच्या भेटीला घेऊन जा. तिचं शरीर कोणत्या रेषेवर वाढत होतं ते त्यांतून दिसतं. लक्ष्य त्याच रेषेवरचं हवं, आणि ते वय वाढेल तसं पुढे सरकत राहील.